सेंद्रिय ट्रान्झिस्टर

माझा भाचा नांदेडला पदार्थविज्ञानात संशोधन करतो, एवढी माहिती आमच्या लातूरच्या घरात बरीच वर्षे पुरेशी समजली जात होती. संशोधन नेमके कशावर, हे विचारणे म्हणजे सावकाराला तिजोरीची किल्ली कोठे ठेवता म्हणून विचारण्यासारखे असभ्य, असा काहीसा समज आमच्या घराण्यात रूढ असावा. परंतु गेल्या दिवाळीत तो आजोळी आलेला असताना, फराळाला गल्लीतली चार माणसे जमली असता, आडत दुकानातल्या मुनीमजींनी तो प्रश्न विचारलाच, आणि भाच्याने शंकरपाळ्याचा तुकडा दाताखाली तसाच धरून उत्तर दिले, "ऑरगॅनिक ट्रान्झिस्टर. त्यानं वायू ओळखायचे." तोपर्यंत सारे ठीक होते. पण यजमान या नात्याने, आणि तीस वर्षे शाळेत मराठी शिकवल्याच्या जुन्या सवयीने, मी उपस्थितांसाठी तत्काळ भाषांतर केले, "सेंद्रिय ट्रान्झिस्टर." त्या दोन शब्दांनी जो घोटाळा उत्पन्न केला तो अद्याप पुरता निस्तरलेला नाही.

वाचकांनी हे ध्यानात घेतले पाहिजे, की ट्रान्झिस्टर या शब्दाला मराठवाड्यात एकच अर्थ आहे, आणि तो म्हणजे चामडी गवसणीत घालून, खांद्याला अडकवून शेतावर नेण्याचा रेडिओ. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ साली जन्मलेला मूळ ट्रान्झिस्टर हा त्या पेटीच्या पोटातला हरभऱ्याएवढा भाग. पण आमच्याकडे पेटीनेच पोटातल्या भागाचे नाव बळकावले आणि मूळ मालक बेदखल झाला. घड्याळ, सायकल आणि ट्रान्झिस्टर या त्रयीवाचून कित्येक जावई बोहल्यावर अडून बसले, आणि पुढे कुटुंबनियोजनाच्या शिबिरातून परतणाऱ्या गृहस्थाच्या खांद्याला नवा ट्रान्झिस्टर लटकताना दिसला म्हणजे गाव काय समजायचे ते समजत असे. राहिला दुसरा शब्द. सेंद्रिय हे विशेषण अलीकडे गुळाच्या ढेपेवर, तूरडाळीच्या पुड्यावर आणि हळदीच्या बरणीवर छापलेले आढळते, आणि ते छापले की भाव चढतो, यापलीकडे त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. तेव्हा मुनीमजींनी चिवडा खाली ठेवून अत्यंत गंभीरपणे पृच्छा केली, "म्हंजी त्याला शेणखत घालायलात का?" आणि भाचा उत्तराची जुळवाजुळव करीत आहे तोच दुसरा प्रश्न आला, "आन् परभणी टेशन लागतंय का त्याच्यावर?"

भाचा हसला, मी हसलो नाही, कारण प्रश्न मुळीच हास्यास्पद नव्हता. घोटाळा मुनीमजींचा नसून रसायनशास्त्राचा आहे. वोलर नावाच्या जर्मन रसायनज्ञाने १८२८ साली, कोणत्याही प्राण्याच्या मूत्रपिंडाचे साहाय्य न घेता, प्रयोगशाळेतल्या भांड्यात युरिया तयार केला. सजीवांच्या देहातच निपजू शकणारी द्रव्ये माणसाच्या हातूनही निपजतात हे त्याने दाखवले, आणि तेव्हापासून सेंद्रिय रसायनशास्त्र या दौलतीत युरियाला मूळ पुरुषाचा मान मिळाला. त्याच युरियाच्या पोत्यासाठी आज पेरण्या आटोपल्या की आमच्याकडे कृषी सेवा केंद्रापुढे पहाटेपासून रांग लागते, आणि ज्या शेतात तो एक मूठ पडला ते शेत सेंद्रिय राहत नाही! म्हणजे एका खात्याच्या दप्तरी सेंद्रियांचा पूर्वज, आणि दुसऱ्या खात्याच्या दप्तरी सेंद्रियांचा हाडवैरी. फेरफाराची अशी नोंद कोण्या तलाठ्याने केली असती तर तो निलंबित झाला असता. भाच्याच्या ट्रान्झिस्टरमधली पेंटासीन, पॉलिथायोफीन, थॅलोसायनीन ही मंडळी याच रसायनी अर्थाने सेंद्रिय, म्हणजे कार्बनच्या गोतावळ्यातली, पण शेणखताशी त्यांचा सात पिढ्यांत सोयरसंबंध नाही. त्यातले तांब्याचे थॅलोसायनीन तर आपण सर्वांनी पाहिलेले आहे: भिंतीच्या रंगात आणि छापखान्याच्या शाईत जो गडद निळा असतो, तो बहुधा तोच.

एवढ्यावर मी थांबायला हवे होते. पण शब्द हातात आला की तो उलटून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. सेंद्रिय म्हणजे स-इंद्रिय, इंद्रियांसह असलेले. भाचा ज्या पट्टीवर सहा वर्षे खपतो आहे, तिचे काम काय, तर वास घेणे; म्हणजे ज्या वस्तूला एक इंद्रिय आहे अशी ती वस्तू. गुळाची ढेप कितीही शुद्ध असली तरी तिला नाक नसते. तेव्हा 'सेंद्रिय' हे विशेषण आजवर ज्याला ज्याला लावले गेले त्या सर्वांत त्याचा खरा हकदार, शब्दाच्या पूर्ण अर्थाने, भाच्याची ती पट्टीच ठरते. आमचे नैयायिकही या निवाड्याला अनुकूल आहेत. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात पृथ्वीचे लक्षणच गंधावरून केलेले आहे, आणि घ्राणेंद्रिय हे पार्थिव मानलेले आहे; नाक मातीचे, म्हणून त्याला मातीचा गुण कळतो. कार्बनी वाफा कार्बनी पापुद्र्यात सहज शिरतात, कारण सजातीय सजातीयाला घरात घेते, असे भाचा सांगतो तेव्हा मला तो नैयायिकांचाच दूरचा शिष्य वाटतो, जरी त्याने तर्कसंग्रह उघडलेला नाही आणि मी सांगितल्यावरही उघडण्याची चिन्हे नाहीत.

या साऱ्यात माझा एक खाजगी संबंध आहे, तो येथेच उघड केलेला बरा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलात, माझे घ्राणेंद्रिय अर्ज न देता रजेवर गेले. सहा महिन्यांनी ते कामावर रुजू झाले खरे, परंतु तोवर दप्तराची अशी उलथापालथ झाली होती, की हिंगाच्या फोडणीला जळक्या रबराचा, मोगऱ्याला केरोसीनचा, आणि केरोसीनला कशाचाच वास येईना. रसायनशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत सेंद्रियाच्या उलट जे, त्याला निरिंद्रिय म्हटलेले आहे. तर सध्या आमच्या घराण्यात स्थिती अशी, की मामा निरिंद्रिय आणि भाच्याच्या हातातली प्लास्टिकची पट्टी सेंद्रिय.

वायू ओळखण्याची विद्या आमच्या भागात नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्या मूळ गावी, औसा तालुक्यात, निजामी अमदानीत ज्वारी पेवात ठेवीत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल इतके अरुंद, आत मात्र ऐसपैस. तळाला आणि कडेला कडब्याचा थर, वर दगड आणि मातीचे लिंपण. पेव उघडायचा दिवस म्हणजे एक सोहळा असे. माती खरवडून दगड सरकवला, की आतून उबट, आंबूस, किंचित दारूसारखा असा एक दर्प वर येई, आणि जमलेली पोरे नाक धरून मागे सरत. पण आजोबा कोणालाही आत उतरू देत नसत. दोन प्रहर पेव तसेच उघडे ठेवायचे, मग सोलाच्या दोरीला कंदील बांधून तो हळूहळू आत सोडायचा, आणि काठावर उकिडवे बसून ज्योतीकडे टक लावून पाहायचे. ज्योत ताठ राहिली तर सालदाराने पागोटे सोडून कमरेला दोर बांधावा. ज्योत वाकली, निळसर झाली, विझली, तर कंदील वर ओढून घ्यावा आणि घरी जाऊन जेवावे. "आधी कंदील उतरंल, मग माणूस," एवढेच त्यांचे विज्ञान होते, आणि ते निर्दोष होते. कोंडलेले धान्य मेलेले नसते. तेही श्वास घेते, पेवातला प्राणवायू संपवते, आणि त्याच्या जागी कर्बवायू सोडते. हा वायू हवेहून जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो, आणि जो खाली वाकतो त्याला तो वर येऊ देत नाही. जुन्या विहिरीत उतरतानाही हाच शिरस्ता असे. वासावर आजोबांचा काडीइतका विश्वास नव्हता, कारण कर्बवायूला वास नाही, आणि ज्याला असतो तोही दगा देतो.

कसा, ते थोडक्यात सांगतो. गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. तो अगदी थोडा असला तर नाक लगेच ओळखते. पण त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेले, की काही मिनिटांत नाकाची संवेदनाच बधिर होते, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून माणूस आणखी एक पायरी उतरतो. माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. उतरवले जातेच, आणि कंदीलसुद्धा न सोडता. येथे विनोद सुचत नाही.

माझे नाक गेल्यावर घरात जो पहिला प्रश्न उपस्थित झाला तो स्वयंपाकघरातला होता. घरगुती सिलिंडरातल्या १४.२ किलो वायूला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो; गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचे एक दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात, म्हणजे वायूच्या मागे सरकारने एक बोंबलत फिरणारा दवंडीवाला लावून दिलेला असतो. पण दवंडी ऐकणाराच बहिरा असेल तर? म्हणून मुलाने वायूगळती ओळखून बोंब मारणारे एक यंत्र आणून भिंतीवर ठोकले. हे यंत्र भाच्याच्या पंथातले नव्हे. हे जुन्या, निरिंद्रिय पंथातले. याचा मूळ पुरुष तागुची नावाचा जपानी गृहस्थ. जपानात घरोघरी सिलिंडर आले आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकून स्फोट आले, तेव्हा त्याने १९६२ साली कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक काढला. कथील म्हणजे आमच्या कल्हईवाल्याची धातू. नवसागराचा पांढरा धूर उडवून तो पातेल्याच्या पोटावरून कापूस फिरवीत असे, तीच. हे ऑक्साइड तीन-चारशे अंशांपर्यंत तापवून ठेवले, की हवेतला प्राणवायू त्याच्या पृष्ठभागावर ठाण मांडून विजेचे कण अडकवून ठेवतो. ज्वलनशील वायू आला की तो या प्राणवायूला भिडतो, अडकलेले कण सुटतात, वीज वाहू लागते, आणि भोंगा वाजतो.

युक्ती चांगली आहे. पण रात्रंदिवस तापून बसलेल्या कोणाही अंमलदाराप्रमाणे हे यंत्र अपराधी आणि निरपराधी असा भेद फारसा करीत नाही. करोनाचे दिवस, येणारा प्रत्येक पाहुणा उंबऱ्यातच हाताला सॅनिटायझर चोळी, त्यातल्या मद्यार्काची वाफ आत शिरे, आणि पाहुणा "आहात का घरी?" असे म्हणण्यापूर्वी यंत्र किंकाळी फोडी. जावयांच्या अत्तरावर ते भडकले. श्रावणातल्या सत्यनारायणाला आरतीच्या ऐन भरात, कापराच्या धुरासरशी, त्याने असा टाहो फोडला, की मागच्या खोलीतल्या मंडळींना तो घंटानाद वाटून त्यांनी टाळ्यांचा जोर वाढवला. शेवटी एके दिवशी सौभाग्यवतीने काहीही न बोलता पोह्याच्या डब्याचे झाकण आणून त्या यंत्राच्या तोंडावर बसवले. तेव्हापासून आमच्या घरात शांतता आहे. सुरक्षिततेबद्दल मी काही विधान करीत नाही.

हीच हकीगत मी दिवाळीत भाच्याला सांगितली, आणि तो एकदम ताठ बसला. "मामा, आमचं नाक तापवावं लागत नाही," तो म्हणाला, "खोलीच्या तापमानालाच चालतं. प्लास्टिकवर शाईसारखं छापता येतं. उद्या पिठाच्या पिशवीवर, औषधाच्या बाटलीवर, शर्टाच्या बाहीवरसुद्धा छापता येईल." 'उद्या' हा शब्द संशोधकांच्या तोंडी आणि पाटबंधारे खात्याच्या तोंडी एकाच अर्थाने येतो हे मला अनुभवाने ठाऊक आहे, पण त्याच्या चेहऱ्यावरचे तेज पाहून मी ते बोलून दाखवले नाही.

या विद्येच्या जन्माची कथा मात्र मला मनापासून आवडली, कारण ती एका चुकीपासून सुरू होते. टोकियोत शिराकावा नावाचे रसायनज्ञ काम करीत त्या प्रयोगशाळेत १९६७ साली एका अभ्यागत संशोधकाने उत्प्रेरक सांगितल्याच्या हजारपट टाकला, आणि काळी भुकटी मिळायची तेथे भांड्यात चंदेरी पापुद्रा साचला. (आमच्याकडे भाजीत मीठ दुप्पट पडले तरी त्यातून विद्या उत्पन्न होत नाही, कलह होतो.) पुढे दहा वर्षांनी अमेरिकेत मॅकडायर्मिड आणि हीगर यांच्या सोबतीने त्यांनी त्या प्लास्टिकसदृश पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, आणि जो पदार्थ विजेला दारात उभे करीत नव्हता तो तिला धातूसारखी वाट देऊ लागला, तिघांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ध्यानात घ्या, आयोडीनची वाफ! म्हणजे या साऱ्या शास्त्राचा श्रीगणेशाच एक वास घेऊन झाला. १९८६ साली जपानच्याच मित्सुबिशी कंपनीत पॉलिथायोफीनचा ट्रान्झिस्टर झाला; आणि त्यानंतर वर्षभरात लोक त्याच्या भाईबंदांना वायू हुंगवू लागले.

"पण हुंगतो म्हणजे काय करतो?" मुनीमजींचा हा तिसरा प्रश्न, आणि याचे उत्तर भाच्याने समीकरणांनी देण्यास आरंभ केल्यामुळे मला मध्ये पडावे लागले. मी सांगितले ते असे. ट्रान्झिस्टर म्हणजे एक कचेरी समजा. एका अंगाला उगम आणि दुसऱ्या अंगाला निचरा, म्हणजे सोर्स आणि ड्रेन, ही दोन दारे. अर्जदार पहिल्याने आत येतात, दुसऱ्याने बाहेर पडतात. मधला लांबट व्हरांडा म्हणजे तो सेंद्रिय पापुद्रा, जो इतका पातळ, की असे हजार-दीड हजार पापुद्रे एकावर एक रचावे तेव्हा डोक्याच्या एका केसाची जाडी भरते. तिसरे ठिकाण गेट. नावावर जाऊ नये, हे दार नव्हे. हे भिंतीपलीकडे बसलेले साहेब आहेत. त्यांची आणि अर्जदारांची गाठ कधीच पडत नाही, मध्ये वीज न वाहणारी भिंत आहे. पण साहेबांनी घंटी किती जोराने वाजवली यावर व्हरांड्यात किती अर्जदार जमायचे ते ठरते. आता अशा व्हरांड्यात बाहेरचा एखादा त्रयस्थ येऊन बसला, तर काय होते? ॲमोनिया आला, तर तो अर्जदारांना बाजूला घेऊन, "आज काही व्हायचं नाही, उद्या या," असे सांगून घरी पाठवतो. दुसऱ्या दारातून बाहेर पडणारांची संख्या घटते. नायट्रोजन डायऑक्साइड आला, तर तो पक्का दलाल. स्वतःबरोबर आणखी चार अर्जदार घेऊन येतो, आणि गर्दी वाढते. बाहेर बसून नुसती दुसऱ्या दाराची मोजदाद ठेवली, तरी आत कोण येऊन बसला आहे याचा अंदाज बांधता येतो. आणि खरे कौशल्य येथे आहे, की मोजदाद एकच ठेवायची नाही. इटलीत बारी येथील लुईसा तोर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास दाखवून दिले, की एकाच ट्रान्झिस्टरमधून निरनिराळी रजिस्टरे लिहिता येतात: किती गेले, साहेबांच्या कितव्या घंटीला सुरुवात झाली, अर्जदार किती वेगाने चालले, आणि साहेब गप्प असतानाही मागल्या बाजूने किती सटकले. एका रजिस्टरात जे दोन वायू सारखे दिसतात, ते दुसऱ्यात वेगळे पडतात.

"असं होय," मुनीमजी म्हणाले, "मंग ह्यो तहशिलीतला शिपाई झाला." भाच्याने मान हलवली, पण ती खिन्नपणे.

मार्गशीर्षात मी प्रत्यक्ष दर्शनास नांदेडला गेलो. अहमदपूर, लोहा करीत बस विष्णुपुरीच्या जलाशयाजवळ आली, तेव्हा खिडकीतून थंड ओलसर वारा आला, आणि मला प्रसन्न वाटले. याच ओलसर वाऱ्याने भाच्याचे आयुष्य नासवले आहे, हे मला तासाभराने कळायचे होते. प्रयोगशाळेत काचेची एक पेटी, तिच्यात बोटाच्या नखाएवढी निळसर पट्टी, तिच्यावर टेकवलेल्या दोन सुया, वायू मोजून सोडणाऱ्या नळ्या, आणि बाजूच्या पडद्यावर सरकणारी एक रेघ, एवढाच संसार. "ही एक पीपीएम ॲमोनिया ओळखते," भाचा म्हणाला. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. हे मला तुरीच्या हिशेबात मांडून पाहावे लागले. तुरीचा दाणा सुमारे एक दशांश ग्रॅमचा. म्हणजे क्विंटलभर तुरीत दाणे भरले दहा लाख. तेव्हा एक पीपीएम म्हणजे क्विंटलभर तुरीत एक खडा. गंजगोलाईच्या पेठेत असा खडा ज्याला हात न लावता, पोते न उघडता, नुसत्या शेजारून जाताना कळेल, असा व्यापारी असता तर लातूरच्या साऱ्या डाळमिलवाल्यांनी त्याला पालखीत बसवून मिरवला असता. आणि नाकाचे खरे सामर्थ्यही मला तेथेच उमगले: माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात, आणि मर्कॅप्टनसारखे द्रव्य ते अब्जात एकाच्या हिशेबाने टिपते, म्हणजे हजार क्विंटल तुरीत एक खडा. असे साधन माझ्याजवळ साठ वर्षे फुकट होते, आणि मी त्याचा उपयोग मुख्यतः शेजारी काय शिजते आहे हे जाणण्यासाठी केला.

परंतु पट्टीचे दुःख निराळे आहे, आणि ते भाच्याने मला चहा पिताना सांगितले. पहिले दुःख ओलाव्याचे. पाण्याची वाफ हाही व्हरांड्यात बसणारा त्रयस्थच, आणि तो एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. एक पीपीएम ॲमोनियाने रेघ जेवढी हलते, त्याच्या कितीतरी पट ती पावसाची एक सर येऊन गेल्यावर हलते. वैशाखात केलेली पट्टी आषाढात स्वतःलाच ओळखत नाही. मी म्हणालो, "अरे, मग तू चुकीच्या जिल्ह्यात बसला आहेस. २०१६ च्या एप्रिलात आम्हांला मिरजेहून रेल्वेने पाणी आणून जगवले. ओलावा नसलेली हवा पाहिजे तर मुख्यालय लातूरला हलव!" त्याने ही सूचना विचारार्थ राखून ठेवली. दुसरे दुःख थकव्याचे. साहेबांनी घंटी सतत वाजवत ठेवली, की अर्जदार व्हरांड्याच्या कोनाकोपऱ्यांत अडकून बसू लागतात, आणि वायूचा लवलेश नसतानाही प्रवाह आपोआप मंदावत जातो. साडेदहाला गजबजलेली कचेरी तीनच्या सुमारास जशी दिसते तशी ती रेघ दिसू लागते. तिसरे, आणि त्याच्या मते सर्वांत जिव्हारी लागणारे दुःख असे, की आलेला वायू परत जात नाही. वायू बंद केला, शुद्ध हवा सोडली, तरी रेघ मूळ जागी येता येत नाही. पाहुणा ओसरीवरून उठतो, पण चपला तेथेच राहतात.

ओलाव्याच्या यंत्रांचा आम्हां लातूरकरांना जो अनुभव आहे तो मी त्याच्या सांत्वनासाठी सांगितला. सोयाबीन बाजारात नेले, की वाटीभर दाणे यंत्रात घालतात, आणि यंत्र आकडा सांगते. बारा टक्क्यांवर ओलावा निघाला की कटती सुरू होते, म्हणून २०२४ च्या हंगामात हमीभावाच्या खरेदीला ही मर्यादा पंधरापर्यंत सैल करावी लागली. माझ्या मेव्हण्याच्या एकाच पोत्याने एका दुकानात अकरा, समोरच्यात चौदा आणि तिसऱ्यात साडेबारा ओलावा दाखवला. तेथे एक वृद्ध हमाल होता, त्याने एक दाणा दाढेखाली फोडला, आवाज ऐकला, आणि म्हणाला, "वाळलंय." त्याचा अहवाल कोणी दाखल करून घेतला नाही, कारण दाढेला प्रमाणपत्र नसते.

भाचा या दुःखात एकटा नाही, हे सांगणे न्यायाचे होईल. सोलापूरच्या विद्यापीठात पॉलिॲनिलिनवर, जे ॲमोनियाने हिरव्याचे निळे होते, बरेच काम झालेले आहे. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात संवेदकांचे स्वतंत्र केंद्र आहे. आणि पवईच्या आयआयटीत रामगोपाल राव यांच्या चमूने २०१० च्या सुमारास सेंद्रिय ट्रान्झिस्टरला स्फोटकांची वाफ हुंगायला लावले होते. ओलावा सर्वांच्याच दारात उभा आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. चहा झाल्यावर भाच्याने पट्टी जवळून दाखवावी म्हणून पेटीचे झाकण उचलले, आणि "मामा, तेवढा श्वास धरून ठेवा," असे तो म्हणतो आहे तोच मी वाकून, चष्मा सावरून, दीर्घ निःश्वास सोडला. त्या निःश्वासाची सामग्री अशी: अहमदपूरच्या थांब्यावर खाल्लेले किमामाचे पान, पानाआधीची कांदाभजी, गुडघ्याला चोळलेला बाम, आणि निघताना मुनीमजींनी उपरण्याला लावलेले हिन्याचे अत्तर, ज्याचा वास मला स्वतःला येत नसल्यामुळे ते त्यांनी दोनदा लावले असावे. पडद्यावरची रेघ एकदम खाली कोसळली. भाचा हबकला. मी माफी मागण्याच्या बेतात होतो. परंतु त्याने हात वर करून मला गप्प केले, कारण रेघ वळली होती. ती हळूहळू, डौलात, कोठेही न अडखळता वर चढली आणि मूळ जागेवर, अगदी केसभराचाही फरक न ठेवता, येऊन स्थिरावली. आठ महिन्यांत एकदाही न घडलेली गोष्ट! शेजारच्या खोलीतले तिघे संशोधक धावत आले. चौघेही त्या रेघेकडे, नवजात बालकाकडे पाहावे तसे पाहत होते. आणि कोपऱ्यात उभा असलेला मी, ज्याला अद्याप मोगरा आणि केरोसीन यांतला भेद कळत नाही, त्यांच्या गणकयंत्रात 'मामा-१' या नावाने दाखल झालो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोच आलेख पुन्हा काढण्याचा प्रयत्न चालवला आहे. ॲमोनिया दिला, मद्यार्क दिला, ओली हवा, कोरडी हवा, भाच्याचा श्वास, त्याच्या मार्गदर्शकांचा श्वास. एका विद्यार्थ्याला पान खायला लावले, पण त्याला किमाम सोसला नाही. रेघ कोसळते, पण परत येत नाही. ज्या निष्कर्षाची पुनरावृत्ती होत नाही तो निष्कर्षच नव्हे, असा या शास्त्राचा दंडक आहे, आणि तो त्यांच्या फार जिव्हारी लागलेला दिसतो.

परवा रात्री भाच्याचा फोन आला. प्रथम मामींची प्रकृती, मग पाऊसपाणी, मग तुरीचा भाव, आणि मग, "मामा, गुरुवारी सवड आहे का?" तीच बस, तोच थांबा, त्याच टपरीवरची भजी, तसेच पान, बाम तोच आणि त्याच गुडघ्याला. अत्तराबाबत मुनीमजींशी बोलून झाले असून या खेपेस ते मोजून लावायचे, दोनच बोटे, असे ठरले आहे. मुनीमजींनी यावर, परभणी स्टेशन लागले तर कळवावे, एवढीच अट घातली. मी होकार कळवला आहे, आणि ते उपरणे गुरुवारपर्यंत कोणीही धुण्यात टाकू नये अशी घरात सक्त ताकीद दिली आहे. ते सध्या गच्चीवरच्या दोरीवर एकटेच वाळत घातलेले आहे, कारण खोलीत ठेवले असता भिंतीवरचे यंत्र, तोंडावर झाकण असतानाही, आतल्या आत कण्हू लागले.